तालीम एकच: परग्रहावरचे कलावंत-सैनिक कथेत कसे उभे करावेत

मराठीत नाटकाची तालीम असते आणि पैलवानांचीही तालीम असते. तमाशाचा फड असतो, कुस्तीचाही फड असतो. ढोलकीवर हात बसवून घेतो तो वस्ताद आणि धोबीपछाड शिकवतो तोही वस्तादच. कोल्हापुरात लाठी-पट्टा फिरवतात त्याला मर्दानी खेळ म्हणतात, आणि रंगमंचावर पडदा वर जातो तेव्हा सुरू होतो तोही खेळच. म्हणून नाचणारे, गाणारे, सोंग घेणारे लोकच लढाईला जातात असा परग्रहावरचा समाज विज्ञानकथेत रचायचा असेल, तर मराठी लेखकाकडे शब्दांचं भांडवल तयार आहे. गाडी अडते ती 'का?' या प्रश्नापाशी.

'ती त्यांची प्राचीन परंपरा होती' हे उत्तर चालत नाही. कुठलीही परंपरा सुरू झाली तेव्हा कुणाची तरी गरज भागत होती. ती गरज वाचकाला दिसली नाही, तर तुमचे लढवय्ये म्हणजे रंगीत कपडे घातलेले शिपाई वाटतात. म्हणून आधी गरज ठरवा. मग ग्रहाच्या हवेवरून तुकडीचा आकार काढा. त्यानंतर शिक्षण, हंगाम आणि रंगमंचावरचा वार व रणातला वार यांच्यातला झगडा. पोशाख आणि नावं सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात, मुखवट्याचं वर्णन दोन पानं लिहितात आणि मग त्या मुखवट्याला साजेसं कारण शोधत बसतात.

आधी मूळ ठरवा

पृथ्वीवर कलावंत आणि लढवय्या एकाच अंगात का आले, याची चार मुळं ठळक दिसतात. कथेत एक मूळ मुख्य ठेवा, दुसरं मदतीला घ्या. तिसरं घातलं की गुंता होतो.

पहिलं मूळ लयीचं. इसवीसनपूर्व ४१८ मध्ये मँटिनियाच्या लढाईत स्पार्टाचं सैन्य बासरीसारख्या वाद्याच्या तालावर सावकाश पुढे सरकलं. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने त्याचं कारणही लिहून ठेवलंय: हे देवाधर्मासाठी नव्हतं, पावलं एकसारखी पडावीत आणि मोठ्या सैन्याची रांग पुढे जाताना फाटू नये यासाठी होतं. ढालीला ढाल लावून चालणाऱ्या माणसांत एकाचं पाऊल चुकलं की फट पडते आणि त्या फटीतून भाला आत येतो. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या 'हाका' या सामूहिक नाचाचा पेरुपेरू हा प्रकार शस्त्रं घेऊन करायचा, त्यात सगळे एकदम उडी मारतात. पाय एकत्र जमिनीवर पडले नाहीत तर तो अपशकुन मानायचे. अपशकुन या शब्दाआड दडलेली तपासणी अगदी व्यवहाराची आहे: आज ही माणसं एकदिलाने लढतील का?

दुसरं मूळ शरीराचं. कथकलीच्या नटाचं अंग कळरिपयट्टू या केरळच्या युद्धकलेच्या व्यायामातून घडतं. कळरीचा आखाडा जमिनीत खणलेला, ४२ फूट लांब आणि २१ फूट रुंद. तिथली खोल बैठक, कमरेतून वळणं आणि पायाची झेप नाचात जशीच्या तशी उतरली. पूर्व भारतातल्या मयूरभंज आणि सराइकेला इथल्या छाऊ नाचाचा पाया 'परीखंडा' म्हणजे ढाल-तलवारीच्या सरावात आहे. त्याच छाऊत 'उफली' नावाच्या ३६ हालचाली आहेत, आणि त्या सारवण करणं, धान्य पाखडणं असल्या रोजच्या कामांतून घेतल्या आहेत. म्हणजे तलवार, नाच आणि घरकाम एकाच अंगवळणाचे तीन उपयोग झाले. परग्रहासाठी ही फार सुपीक जागा आहे. तुमच्या प्राण्यांचं रोजचं काम काय, ते ठरवा. चिखलातून शिंपले उपसणारा समाज आणि कड्यावरून दोराने उतरणारा समाज एकसारखे नाचणार नाहीत, आणि एकसारखे लढणारही नाहीत.

तिसरं आडोशाचं. राज्यकर्ता शस्त्र बाळगू देत नाही, नाच करू देतो. मग लढाई नाचात लपते. ब्राझीलमध्ये १८९० च्या दंडसंहितेने कापुएरा या नाचासारख्या दिसणाऱ्या युद्धकलेवर बंदी घातली होती. बेरिंबाऊ हे त्याचं मुख्य वाद्य: लाकडी धनुष्य, ताणलेली तार, खाली पोकळ भोपळा, एका हातात काडी आणि दुसऱ्यात तारेवर दाबायचं नाणं. खेळ मंद की जलद, जवळून की लांबून, ते हे वाद्य ठरवतं. 'काव्हालारिया' नावाचा त्याचा एक ठेका घोड्यांच्या टापांसारखा वाजतो. घोडेस्वार पोलीस येताहेत, असा तो इशारा. याहून थेट उदाहरण चीनमधलं आहे. कँटनी संगीतनाटकाच्या मंडळ्या लाल होड्यांतून गावोगाव फिरत. १८५४ मध्ये ली वेनमाओ या नटाने फोशानला बंड पुकारलं, मंडळ्यांमधले नट रंगमंचाचे पोशाख घालून लढले आणि तुकड्या पाडल्या त्या नाटकातल्या भूमिकांच्या प्रकारानुसार. पुढे चिंग सरकारने कँटनी नाटकावर कित्येक वर्षं बंदी घातली. दोन्ही बाजूंना नाटक म्हणजे सैन्य हे पुरतं कळलं होतं.

चौथं साक्षीचं. १०३० साली नॉर्वेत स्टिकलस्टाडच्या लढाईआधी राजा ओलाफने आपल्या कवींना ढालींच्या कड्यात उभं केलं. जे घडेल ते डोळ्यांनी बघा आणि मग त्यावर रचा, असं त्याचं सांगणं होतं. त्यांतला थोरमोड त्या दिवशी पहाटे सैन्याला गाऊन जागं करणारा होता, आणि त्याच लढाईत तो मेला. आपल्याकडे अज्ञानदासाचा अफझलखान वधाचा पोवाडा याच गरजेतून येतो: १६५९ मध्ये जे घडलं ते गावागावात पोचवायला डफ-तुणतुणं लागतं. साक्षीचं मूळ लघुकथेला स्वस्तात पडतं, कारण एक कवी आणि एक लढाई एवढ्यावर भागतं. कादंबरीसाठी मात्र ते एकट्याने पुरत नाही. साक्षीदाराने स्वतः तलवार का चालवायची, हा प्रश्न तिसऱ्या प्रकरणात वाचक विचारतोच.

परग्रहासाठी आमचा कौल लयीच्या मुळाला. ते ग्रहाच्या भौतिकीतून काढता येतं आणि आकड्यांनी तपासता येतं.

हवेवरून तुकडी काढा

पुण्यात विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाच्या अगदी मागच्या रांगेपाशी उभं राहून पुढच्या ताशावाल्याच्या काडीकडे बघा. काडी चामड्यावर पडलेली आधी दिसते, 'तड' नंतर येतं. २० अंश सेल्सिअसला हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ३४ मीटर लांब पथकात पुढचा ठोका मागे पोचायला एक दशांश सेकंद लागतो. मागच्याने कानावर भरवसा ठेवून वाजवलं तर तो तेवढा मागे पडतो, आणि त्याचा ठोका पुढच्याला परत ऐकू येईपर्यंत दोन दशांश सेकंद गेलेले असतात. लय ओढली जाते ती इथे. म्हणून पथकं डोळ्यांनी, हाताच्या इशाऱ्यांनी जुळवून घेतात.

आता असा ग्रह घ्या जिथे डोळ्यांचा उपयोगच नाही. त्याचं नाव तोरव ठेवू. दाट कार्बन डायऑक्साइडची हवा, तापमान उणे २० अंश, कायमचं धुकं, दहा-बारा पावलांपलीकडे दिसत नाही. अशा हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण २५० मीटर येतो. एकत्र हालचाल करायची तर एक विसांश सेकंदापेक्षा जास्त फरक चालणार नाही, असं धरा. हिशेब सरळ आहे:

२५० ÷ २० = १२.५ मीटर.

मध्यभागी वाजवणारा उभा राहिला तर त्याच्याभोवती साडेबारा मीटर त्रिज्येच्या वर्तुळातले लोकच एका तालात लढू शकतात. वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस मीटर. लढणाऱ्याला दोन मीटर बाय दोन मीटर जागा दिली तर १२० जण मावतात. हा झाला तोरवचा 'घेरा', सैन्याची मूळ तुकडी. आकडा सेनापतीने ठरवलेला नाही, हवेने ठरवलेला आहे.

शस्त्र बदललं की आकडाही बदलतो. दांडपट्ट्यासारखं हत्यार दिलंत, तर पातं साधारण चार फुटांचं. हाताची लांबी धरून प्रत्येकाभोवती सहा फूट त्रिज्येचं वर्तुळ मोकळं लागतं. मग त्याच घेऱ्यात जेमतेम ४५ जण राहतात. आखूड सुरा दिला तर संख्या वाढते, पण शत्रूच्या श्वासाइतकं जवळ जावं लागतं. शस्त्र निवडताना हा हिशेब आधी कागदावर मांडा, नाहीतर गोष्टीत ३०० पट्टेकरी एका तालात पट्टे फिरवतात आणि पहिल्याच फेरीत एकमेकांचे हात तोडतात.

आता 'का'चं उत्तर आपोआप येतं. धुक्यात हुकूम दिसत नाही, ऐकू येतो. म्हणजे वाजवणारा हाच अधिकारी. त्याला 'ठोक्या' म्हणू. ठोक्या पडला की १२० जणांचा जमाव होतो, म्हणून शत्रू सगळ्यांत आधी त्यालाच शोधतो. त्याला लढता आलंच पाहिजे. आणि ज्याला पाच वर्षं लय शिकवली त्याला शांततेच्या दिवसांत गप्प बसवून खायला घालणं कुठल्याही समाजाला परवडत नाही. तो गावात वाजवतो, नाचवतो, गोष्टी सांगतो. वाद्य हे शस्त्र आहे की नाही यावर पृथ्वीवरही निकाल झालेला आहे: १७४६ मध्ये बंडाच्या खटल्यात जेम्स रीड या स्कॉटिश पायपरने, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्याने, आपण शस्त्र उचललंच नव्हतं असा बचाव केला, तेव्हा यॉर्कच्या न्यायालयाने हायलँडची पलटण पायपरशिवाय कूच करत नाही, म्हणून बॅगपाइप हे युद्धाचं साधन, असं ठरवून त्याला फाशी दिलं.

एका घेऱ्याचं झालं. पाच-दहा घेरे एकत्र कसे चालतील? इथे लयीची चाल उपयोगी पडते. मिनिटाला १२० ठोके म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक. अर्ध्या सेकंदात आवाज १२५ मीटर जातो. दोन ठोक्या एकमेकांपासून बरोबर १२५ मीटरवर उभे राहिले, तर दुसऱ्याला पहिल्याचा ठोका एक मात्रा उशिरा ऐकू येतो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पुढच्या ठोक्यावर अचूक येऊन बसतो. दोघं सुखाने चालतात. पण शत्रूने त्यांना ढकलत अंतर ६२ मीटरवर आणलं, की शेजारच्या घेऱ्याचा प्रत्येक ठोका आपल्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये येतो. पावलं अडखळतात. एकही वार न करता दोन घेरे मोडता येतात. ज्या कथेत असा डाव आहे तिला दहा मुखवट्यांची गरज उरत नाही.

तापमानही सोडू नका. तोरववर रात्री उणे ४० झालं तर ध्वनीचा वेग २४१ च्या आसपास उतरतो, १२५ मीटरला ०.५२ सेकंद लागतात आणि लय मिनिटाला ११६ वर आणावी लागते. दिवसाच्या लयीत शिकलेला नवखा ठोक्या रात्री तुकडी बिघडवतो. दुसरी हवा हवी असेल तर मंगळाकडे बघा: पर्सिव्हरन्स यानावरच्या मायक्रोफोननी तिथे खालचे स्वर सुमारे २४० मीटर आणि वरचे स्वर सुमारे २५० मीटर वेगाने जातात असं दाखवलं. म्हणजे एकाच क्षणी वाजलेल्या झांजेचा आवाज ढोलाच्या आधी पोचतो. १०० मीटरला हा फरक सेकंदाच्या साठाव्या भागाएवढाच, पण दोन किलोमीटरवर तो सेकंदाच्या तिसऱ्या भागाएवढा होतो. मंगळाच्या विरळ हवेत आवाज तेवढा लांब टिकत नाही. तुमच्या कल्पित हवेत टिकला, तर दोन स्वरांमधल्या फटीवरून शत्रू किती लांब आहे ते तयार कानाला मोजता येईल.

तालीम: किती वर्षं, कुठल्या वेळी

शिक्षणाचा खर्च लिहिल्याशिवाय कलावंत-सैनिक पटत नाही. कथकलीत तयार व्हायला आठ-दहा वर्षं जातात. पावसाळ्यात, अंधार असतानाच व्यायाम सुरू होतो. अंगाला तेल लावून गुरू दोराला धरून पायांनी शिष्याचं अंग तुडवतात, कंबर आणि मांड्या उघडाव्यात म्हणून. डोळ्यांत तूप घालून बुबुळांचा सराव होतो. हातांच्या मूळ मुद्रा २४. एवढं शरीर घडवलेला माणूस पहिल्या चकमकीत मेला तर समाजाचं दहा वर्षांचं भांडवल गेलं. म्हणून असा समाज लांबलचक, रक्तबंबाळ लढाया टाळणार. तो चकमकी ठेवणार, वेळ ठरवणार, नियम बांधणार. लेखकांना इथे मोह आवरत नाही: दहा वर्षं तयार केलेले ५,००० कलावंत एका रात्रीत मारतात आणि पुढच्या वसंतात तेवढेच नवे उभे करतात. ते कुठून आले?

वेळापत्रक बनवताना तीन टप्पे पुरतात. सात ते बारा वर्षं वयात अंग आणि लय, हातात काही नाही. बारा ते सोळा काठी आणि वाद्य, एकाच हातात आळीपाळीने, म्हणजे काडी आणि काठी यांची पकड वेगळी राहत नाही. सोळानंतर शस्त्र आणि सोंग. वयं तुमच्या प्राण्यांच्या आयुष्याच्या मापाने बदला, क्रम बदलू नका. शस्त्र आधी दिलं की मूल जोर लावायला शिकतं, आणि जोर लावणाऱ्या खांद्यातून लय जाते.

दुखापतींचा हिशेबही ठेवा. गुडघे आणि कंबर आधी जातात, कान हळूहळू. ज्याचा कान गेला तो ठोक्या राहू शकत नाही, पण जमिनीतून पायाला येणारा हादरा त्याला कळतो. त्याला घेऱ्याच्या कडेला ठेवता येतं. म्हातारा नट रंगमंचावर साठीतही उभा राहतो, रणात राहत नाही. मग तोच वस्ताद होतो, आणि तालमीत कोण कुठे उभं राहणार हे तो ठरवतो.

दाखवायचा वार, लपवायचा वार

सगळ्यांत अवघड जागा ही, आणि कथेचा जीवही इथेच. नट वार दाखवतो. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळलं पाहिजे की आता हात उचलला, आता पडणार, पडला. लढवय्या वार लपवतो. त्याचा हात उचललेला समोरच्याला कळला तर तो मेला. मग एकच शरीर दोन्ही कसं करणार?

दांडपट्टा जवळून बघा. हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत जातो, आतली आडवी मूठ मुठीत धरतात. मनगट वळत नाही. तलवारीत मनगटाच्या झटक्याने दिशा बदलता येते, पट्ट्यात ती सोय नाही. वार खांद्यातून आणि कमरेच्या वळणातून निघतो. मर्दानी खेळात लिंबू कापतात तेव्हा बघणाऱ्यांचे डोळे लिंबावर असतात. समोर उभा शत्रू लिंबाकडे बघणार नाही, तो खांद्याकडे बघेल. कारण खांदा उघडला की पातं कुठे येणार ते आधीच ठरलेलं असतं. म्हणून पट्टेकऱ्याचा खरा अभिनय खांद्याचा: उजवीकडे उघडायचा आणि पाऊल डावीकडे टाकून कंबर फिरवायची. प्रेक्षकाला फसवण्याची आणि शत्रूला फसवण्याची विद्या इथे एक होते. नटाकडे जे सैनिकाकडे नसतं ते हेच: आपलं अंग दुसऱ्याला कसं दिसतंय याची सतत जाण. कलावंत चांगला सैनिक का होतो याचं तोरववरचं अर्धं उत्तर हवेत आहे, उरलेलं अर्धं या जाणिवेत.

दुसरी अडचण तालाची. ताल आपल्याला ऐकू येतो तसा शत्रूलाही येतो. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, वार पडणार हे त्याला कळलं की तो समेच्या किंचित आधी सरकेल. यावर तीन उपाय लिहिता येतात.

पहिला उपाय, वार 'खाली'वर, म्हणजे तालात टाळी न देता मोकळ्या सोडलेल्या मात्रेवर टाका, आणि कुठल्या 'खाली'वर ते फक्त घेऱ्याला माहीत असू द्या. झपतालासारखा दोन-तीन-दोन-तीन असा दहा मात्रांचा ताल घेतला तर परक्या कानाला खंड मोजेपर्यंत दोन आवर्तनं निघून जातात.

दुसरा उपाय तिहाई. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा ठोका समेवर आणायचा. सोळा मात्रांच्या तालात पाच मात्रांचा तुकडा मध्ये न थांबता तीनदा वाजवायचा असेल तर तिसऱ्या मात्रेपासून उचला. तो तीन ते सात, आठ ते बारा आणि तेरा ते सम असा बसतो. मिनिटाला १२० च्या लयीत उचलीपासून समेपर्यंत बरोबर सात सेकंद. धुक्यात न दिसणाऱ्या १२० जणांना 'सात सेकंदांनी उडी' हे यापेक्षा स्वच्छ सांगता येणार नाही. पहिला तुकडा हुकला तरी दुसऱ्यावर कळतं, दुसरा हुकला तरी तिसऱ्यावर सावरता येतं.

तिसरा उपाय खोटी तिहाई: दोनदा वाजवून तिसऱ्यांदा तोडायची. ताल ओळखायला शिकलेला शत्रू आधीच उडी मारतो आणि हवेत सापडतो. हा डाव कथेत एकदाच वापरा. पुन्हा वापरलात तर आपलेच लोक खऱ्या तिहाईवर विश्वास ठेवणार नाहीत. तोही एक कथेचा विषय होऊ शकतो, पण मग तोच मुख्य विषय करावा लागेल.

मुखवटे आणि रंग घालायचेच असतील तर त्यांची किंमत द्या. सराइकेला छाऊत मुखवट्यामुळे श्वास कोंडतो, म्हणून तिथले नाच थोडक्या मिनिटांचे असतात. मुखवटा घालून लढणाऱ्यांना तुम्ही तासभर लढवू शकत नाही. सात-आठ मिनिटांनी मागची रांग पुढे यायला हवी, आणि ती अदलाबदल तालातच व्हायला हवी. कथकलीचा चेहरा रंगवायला तीन-चार तास लागतात. रंग लावून लढणाऱ्या सैन्यावर हल्ला करण्याची योग्य वेळ म्हणजे रंगपटाची वेळ. शहाणा समाज निम्मे लोक कायम बिनरंगाचे ठेवेल. बिनरंगाचे म्हणून त्यांना गावात कमी मान मिळेल. पुढच्या भांडणाची सोय आपसूक झाली.

हंगाम आणि पोट

मराठ्यांच्या फौजा पाऊस सरल्यावर, दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. तमाशाचे फडही दसऱ्यालाच बाहेर पडतात आणि गावोगावच्या जत्रा धरत उन्हाळ्यापर्यंत फिरतात. कारण एकच: कोरडे रस्ते, निघालेलं पीक, लोकांच्या हातात धान्य-पैसा. म्हणजे लढाईचा आणि खेळाचा हंगाम एकाच वेळी येतो. तुमच्या ग्रहावर एकच माणूस दोन्ही करणार असेल तर तो एका वेळी दोन ठिकाणी कसा असेल? या प्रश्नाचं उत्तर लिहिलंच पाहिजे, आणि दोन उत्तरं चालण्याजोगी आहेत. एक, फड आणि फौज एकच: दिवसा कूच, रात्री वाटेतल्या गावात खेळ, त्या खेळाच्या बिदागीवर फौजेचं जेवण. अशा फौजेला रसद कमी लागते, पण रस्ता प्रेक्षक असलेल्या गावांतूनच काढावा लागतो, आणि ते शत्रूला माहीत असतं. दोन, हंगाम वाटून घेतलेला: एका वर्षी अर्धे घेरे खेळाला, अर्धे सीमेवर. इथे मत्सर आला, पैसा आला, आणि सीमेवर जाणं टाळण्यासाठी पाय मुरगळल्याचं सोंगही आलं. सोंग घेणं हा ज्यांचा धंदा, त्यांच्या आजारपणावर विश्वास कोण ठेवणार?

फडाला दुसऱ्या मुलखात खेळ करायला मोकळीक असते, सैन्याला नसते. त्यामुळे शत्रूच्या गावाची गल्ली-बोळं, विहिरी आणि दारं या लोकांना आधीपासून ठाऊक. गेल्या वर्षी ज्या घरात जेवले त्याच घराच्या दारावर यंदा पट्टा घेऊन उभं राहायचं. हा प्रसंग घाईने उरकू नका.

अंग, आवाज, नावं

तोरवींच्या शरीराला एकच वैशिष्ट्य द्या, पण ते दोन्ही कामांत येऊ द्या. समजा त्यांच्या छातीवर कडक कवच आहे आणि ठोक्या स्वतःच्या छातीवरच काडीने वाजवतो. वाद्य हरवत नाही, हिसकावता येत नाही. मात्र कवचाला तडा गेला की आवाज बदलतो. मडकं विकत घेताना बोटाने वाजवून बघतात, तडा असेल तर ते 'ठण्ण' म्हणत नाही, 'थप्प' म्हणतं, तसंच. १२० जणांना लढता लढता ऐकू येतं की आपला ठोक्या जखमी झालाय. शत्रूलाही ऐकू येतं.

नावं मराठीच्या कानाला बसणारी आणि छोटी ठेवा. 'नृत्ययोद्धा', 'कलासेनानी' असले जोडशब्द वीस वेळा आले की वाचक पान उलटतो. 'घेरा', 'ठोक्या', 'फड', 'खेळ' अशा हलक्या शब्दांवर जास्त वजन पेलतं. खेळ या शब्दाचे दोन्ही अर्थ चालू ठेवा. 'उद्या खेळ आहे' या वाक्यावर तोरवचा मुलगा आईच्या चेहऱ्याकडे बघून कुठला ते ओळखतो. तालमीत वस्तादाला अहो-जाहो, आणि रणात मात्र ठोक्या वयाने लहान असला तरी सगळे त्याचं ऐकतात. सोळा वर्षांचा ठोक्या आणि साठीचा वस्ताद एकाच घेऱ्यात आले की ते एकमेकांशी कसं बोलतात, त्यावर समाजाचा निम्मा कारभार कळून जातो.

साक्षीचं मूळ मदतीला घेतलं असेल तर एक नियम घाला: ज्याने लढाई केली त्यानेच ती पुढच्या वर्षी नाचून दाखवायची, आणि जे केलं तेच दाखवायचं. जो पळाला त्याला आपलं पळणं नाचावं लागतं, त्या गावासमोर, ज्यांची मुलं त्याच्यामागे उभी होती.

पहिला प्रसंग

संपूर्ण समाज कागदावर मांडून झाल्यावर गोष्ट सुरुवातीपासून लिहायला घेऊ नका. आधी सातशे-आठशे शब्दांचा एकच प्रसंग लिहून बघा: दोन घेरे, धुकं, अंतर १२५ मीटरवरून कमी होत चाललंय. बघणारा डोळा एकाच माणसाचा ठेवा, घेऱ्याच्या कडेच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेतला. त्याला शेजारचा ठोका आधी नीट ऐकू येतो, मग जरासा आधी, मग अगदी मध्ये. अंतराचा आकडा एकदाही लिहू नका. पाऊल कुठे अडखळतं तेवढं लिहा.

मग मोबाईलवर मिनिटाला १२० चा ठेका लावा आणि प्रसंग मोठ्याने वाचा. सात सेकंदांच्या तिहाईचं वर्णन वाचायला अर्धा मिनिट लागत असेल तर ते छाटा. ठोक्याच्या छातीचा आवाज बदलतो ते वाक्य आठ-दहा शब्दांत बसवा, आणि त्यानंतर कुणाला काय वाटलं ते सांगायच्या आधी कडेचा माणूस हातातलं हत्यार कुठल्या हातात घेतो ते लिहा.